वाचकांचे प्रश्न : अपील न्यायालय ही पायरी की मुक्काम?

प्रश्न : मी पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतील संघीय अपील न्यायाधीशाचे पद ही सर्वोच्च न्यायालयाच्या वाटेवरची पायरी आहे, असे ऐकले. तेथेच आयुष्य काढणाऱ्याची कारकीर्द अपुरी मानावी का?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : मुळीच मानू नये. तेथील सर्वोच्च न्यायालय स्वतः निवडलेली प्रकरणे, तीही वर्षाकाठी शंभराहून कमी, सविस्तर ऐकते. त्यामुळे बहुतेक पक्षकारांसाठी तीन न्यायाधीशांच्या अपील पीठाचा निकाल हाच शेवटचा शब्द ठरतो.

लर्नेड हँड यांचेच पाहा. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयावर नेमले आणि १९२४ मध्ये कूलिज यांनी सेकंड सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क आणि शेजारच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयावर. सर्वोच्च न्यायालयाचे पद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. १९१७ मध्ये एका युद्धविरोधी मासिकाला टपालखात्याने मनाई केली, तेव्हा सरकारवरील जहाल टीका आणि कायदा मोडण्याची थेट चिथावणी यांत फरक करून त्यांनी मासिकाच्या बाजूने आदेश दिला. तो अपिलात रद्द झाला. पुढे १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिथावणीखोर भाषणाविषयीच्या ब्रँडनबर्ग खटल्यात घेतलेली भूमिका मात्र त्या विचाराच्या बरीच जवळ जाते.

अपकृत्य कायदा (टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या हानीच्या भरपाईचा दिवाणी कायदा) शिकताना त्यांचा १९४७ चा कॅरोल टोइंग निकाल आपण मुळातून वाचावा, असा माझा आग्रह आहे. न्यूयॉर्क बंदरात एक मालवाहू बार्ज सुटून बुडाली होती आणि तिच्यावरचा माणूस एकवीस तास जागेवर नव्हता. अपघाताची शक्यता गुणिले संभाव्य नुकसान यांपेक्षा खबरदारीचा भार कमी असूनही ती घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा होय, असे हँड यांनी मांडले. पण सूत्रावर न थांबता युद्धकाळातील गजबजलेले बंदर आणि जानेवारीचे आखूड दिवस लक्षात घेऊन, निदान दिवसाच्या कामाच्या वेळेत तो माणूस हजर असायला हवा होता, असे ठरवले. अपील न्यायाधीशापुढे नवे साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टाच्या कागदांतूनच त्याला असे बंदर उभे करावे लागते.

आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. तेथे वयाची अट नाही. हँड यांनी १९५१ मध्ये नियमित पद सोडले, तरी ज्येष्ठ न्यायाधीश या नात्याने ते पुढेही काम करीत राहिले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ८९ होते.