दहावी-बारावी होऊनही पोरांच्या हाताला काही येत नाही. शिक्षणात नेमका बदल कुठे हवा? आयटीआय वाढवणं हा उपाय आहे का?

तुम्ही कोरेगावकडच्या गावातून लिहिलंय. भाच्याला दहावीला ५४ टक्के पडलेत, घरचे म्हणतात, "अभ्यासात डोकं नाही, आयटीआयला टाकू." आणि तुम्ही विचारताय की हाच रस्ता सगळ्या मुलांसाठी रुंद केला तर शिक्षणाचं काही बरं होईल का. मी सांगली जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा, म्हणजे यंत्राचे भाग घडवून जुळवण्याच्या कामाचा, निदेशक (शिकवणारा) आहे. माझं घर याच कामावर चालतं आणि या कामाचा मला अभिमान आहे. तरीही नुसते आयटीआय वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही. घरच्यांच्या तोंडी जे वाक्य आहे, दुखणं तिथेच आहे.

ऑगस्टमध्ये नवी बॅच येते. पहिले काही आठवडे एकच काम असतं: लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरायचा, कानशीनं घासायचा, चारही बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या आणि व्हर्निअर कॅलिपरनं मापायच्या. आमच्याकडच्या व्हर्निअरवर मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात, म्हणून ते ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप दाखवतं. इथे बरीच मुलं अडखळतात. दशांश चिन्ह कुठे द्यायचं तेच कळत नाही, २५.४ आणि २५.०४ यांत त्यांना फरक दिसत नाही. शाळेत चार-पाच वर्षं दशांश अपूर्णांक सोडवून ही मुलं आलेली असतात.

पण त्याच मुलाचा जॉब, म्हणजे घडवायला दिलेला तुकडा, ०.१ मिलिमीटरनं जास्त घासला जाऊन बाद झाला, की पुढच्या महिन्याभरात त्याचा दशांश पक्का होतो. पुढे लेथवर टेपर काढायची, म्हणजे गोल जॉब एका टोकाकडे निमुळता करायची, वेळ येते. एका टोकाला व्यास ४० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ३०, लांबी ५०. व्यासांतला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं की ०.१, आणि ज्या कोनाचा टॅन ०.१ तो कोन सुमारे ५ अंश ४३ मिनिटं. लेथवर हत्यार धरणारी कंपाउंड स्लाइड तेवढी फिरवायची. तेव्हा एखादा पोरगा मान वर करून विचारतो, "सर, दहावीच्या गणित भाग दोनमध्ये होतं ते हेच का?" हेच, बाळा. या मुलांना डोकं नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

इतकी वर्षं हे पाहून माझं एक मत ठाम झालंय. दहावीच्या निकालादिवशी आपण वाटणी करतो. ज्याला मार्क पडले त्याच्या हाती पुस्तक, ज्याला नाही पडले त्याच्या हाती हातोडा. या वाटणीत दोघंही अर्धे राहतात.

पुस्तकवाल्याचं काय होतं ते तुम्ही पाहताच. अकरावीला नाव एका कॉलेजात आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. प्रयोगाच्या वह्या एकमेकांच्या बघून भरलेल्या. क्लासचं वेड इतकं खाली उतरलं की जानेवारी २०२४ मध्ये केंद्राला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, की १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका. पुढे इंजिनिअरिंग. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि खेड्यापाड्यातल्या मुलांना ती जागा पहिल्यांदा आवाक्यात आली. तो निर्णय मी वाईट म्हणणार नाही, माझ्या नात्यातलीच मुलं त्यातून शिकली. पण हळूहळू ती एक जागा म्हणजेच शिक्षण असं होऊन बसलं. आज कुपवाडच्या एमआयडीसीत अशी डिग्रीवाली मुलं भेटतात, की त्यांना ड्रॉइंग वाचता येतं पण लेथच्या चकमध्ये (पकडीत) जॉब बांधता येत नाही.

हातोडावाल्याचं नुकसान मात्र कोणी मोजत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. सोळाव्या वर्षी आमच्याकडे आलेल्या मुलाला ट्रेडची थिअरी आहे, कारखान्याचं गणित आहे, ड्रॉइंग आहे, नोकरीसाठीची कौशल्यं म्हणून एक विषय आहे. मराठी नाही. इतिहास नाही. एक गोष्ट, एक कविता, एक अग्रलेख त्याच्यासमोर कोणी ठेवत नाही. २०२३ च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा धड वाचता आला नाही. असा मुलगा वर्कशॉपमध्ये कितीही हुशार निघाला, तरी उद्या ठेकेदाराचा करार, पीएफचा हिशेब, मशीनवरची धोक्याची सूचना दुसऱ्याकडून वाचून घेणार. वाचता येत नाही म्हणून त्याला हातकाम दिलं, आणि हातकाम दिलं म्हणून वाचणं कायमचं थांबलं. यात त्याचा काय गुन्हा?

आपल्या भागात तरी ही वाटणी कोणी मुकाट्यानं मान्य केली नव्हती. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली, आणि त्या शिक्षणात काय हवं तेही सांगितलं: मोडी-बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचं ज्ञान, आरोग्य आणि नीती. एकाच पोराला हे सगळं.

भाऊराव पाटलांनी तर ते करून दाखवलं. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला हा माणूस. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाक करायची, रानात खपायची आणि शिकायची. 'कमवा आणि शिका' आपण सगळे म्हणतो, पण त्यातली जी गोष्ट मला मोठी वाटते ती अशी, की माती उकरणारी मुलं वेगळी आणि मॅट्रिकला बसणारी वेगळी असं तिथे नव्हतं. जो खोरं चालवायचा तोच रात्री कंदिलाशी बसायचा. आज बऱ्याच कॉलेजांत 'कमवा आणि शिका' ही गरजू मुलांना तासावर पैसे देण्याची योजना उरली आहे. गरजूंना ती हवीच, पण मूळ विचार तिच्याहून फार मोठा होता.

तर बदल कुठे हवा? माझं उत्तर: आठवीपासून आठवड्याचा एक पूर्ण दिवस हातकामाचा, आणि तो वर्गातल्या प्रत्येक मुलामुलीला. पहिल्या नंबरच्यालाही. ही हवेतली गोष्ट नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय राज्यातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला गेला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग. शिकवायला गावातलेच कारागीर. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, मातीची तपासणी करतात, हिमोग्लोबिन तपासतात, आणि हे काम गावात खरोखर वापरलं जातं.

तासगावकडची कुठलीही शाळा घ्या. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी किंवा शेजारी द्राक्षबाग असते. घडांना जीए (वाढीचं संजीवक) द्यायचं तेव्हा १० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत १० भागांचं, द्रावण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम, हे बापाला पाठ असतं. पोराला ते पुस्तकात एकक-रूपांतर म्हणून भेटतं आणि जड जातं. ऊस कारखान्याला गेला की घरात साखर उताऱ्याची, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याची, चर्चा चालते, १०.२५ टक्क्यांच्या वर किती गेला आणि दर किती वाढेल. शेकडेवारीचा याहून जिवंत धडा कुठे मिळणार? तरी बाग आणि वर्ग यांच्यामधला रस्ता कोणी ओलांडत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे, सहावी ते आठवीत सुतार-कुंभार-माळी अशा लोकांकडे जाऊन शिकायचे दहा बिनदप्तराचे दिवस आहेत. २०२५ पर्यंत निम्म्या मुलांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं त्यात लिहिलंय. वर सांगितलेल्या 'असर' पाहणीत तसं काही प्रशिक्षण घेणारी मुलं होती ५.६ टक्के. कागदावर सगळं चांगलं आहे, पण दहा दिवसांनी हात तयार होत नाही. हात सवयीनं तयार होतो, म्हणून मी दर आठवड्याचा दिवस मागतो. आणि दहावीच्या निकालात त्या दिवसाचे मार्क धरले पाहिजेत, वहीवरून नव्हे तर समोर काम करून दाखवल्यावर. नाहीतर तो तास गणिताच्या जादा तासाला जाईल. शाळेत कार्यानुभवाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात खरा वाटतो. एका पालकानं मला विचारलं होतं, "साहेब, आमच्या सात पिढ्या हातानंच राबल्या. पोराला त्यातून सोडवायला शाळेत घातलं. तुम्ही परत तेच हातात देणार?" हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्यांना शतकानुशतकं फक्त श्रम दिले आणि पुस्तक नाकारलं, त्यांच्यासाठी पुस्तक म्हणजे सुटका होती. आजही आहे. म्हणूनच माझ्या दोन अटी आहेत. एक, हातकाम सगळ्यांना, नाहीतर ते पुन्हा ठरावीक घरांतल्या पोरांच्याच वाट्याला येईल. दुसरी, मुलानं बापाचा धंदा सोडून दुसरं काम शिकायचं. बागायतदाराच्या पोरानं मोटार रिवाइंडिंग शिकावं, लोहाराच्या मुलीनं रक्त तपासावं, शिक्षकाच्या मुलानं गाईची धार काढावी. आणि ज्या वयात आपण आयटीआयच्या मुलाचं वाचन बंद करतो त्या वयात त्याला मराठी, इतिहास आणि राज्यघटना मिळालीच पाहिजे.

मुलींचा मुद्दा यातच आहे. घरचे आयटीआयला पाठवतात तेव्हा शिवणकाम नाहीतर कॉम्प्युटरचा कोर्स. ज्या मोजक्या मुली माझ्या बेंचवर आल्या, त्यांचं काम सफाईदार होतं. आठवीतच सगळ्यांनी कानस धरली असती तर ही ओढाताण झाली नसती.

भरतीच्या अकॅडम्यांबद्दलही लिहायला हवं. आपल्याकडे फौजेची परंपरा मोठी, अपशिंगे मिलिटरी तुमच्याच जिल्ह्यात आहे. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं पाहून ऊर भरून येतो. पण जागा थोड्या, वय पटकन संपतं, आणि उरलेल्या मुलांकडे ना पुस्तक राहतं ना हातकाम. ती मुलं कुठल्याही बोर्डाच्या निकालात दिसत नाहीत.

सरकारची वाट बघत बसू नये असंही मला वाटतं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावानं २०२२ मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरांचा अभ्यास. गावानं मनावर घेतलं तर असं होतं. मग शनिवारी आपल्या गावातलं एक गॅरेज, एक वेल्डिंगचं दुकान, एक बाग आणि एक दवाखाना आठवी-नववीच्या पोरांना दोन-दोन तास उघडं ठेवणं काही अशक्य नाही. मुख्याध्यापक, सरपंच आणि चार कारागीर एकत्र बसले की सुरुवात होते.

आता तुमचा भाचा. त्याला नाइलाज म्हणून पाठवू नका. प्रवेशाआधी एक दिवस त्याला जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये नेऊन उभं करा. निदेशकांना सांगून सगळे ट्रेड दाखवा आणि त्याचा पाय कुठे थबकतो ते बघा. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर असा दोन वर्षांचा ट्रेड घेतला तर पुढे पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ठरलेले भाषा विषय बोर्डातून दिले तर बारावीची समकक्षताही मिळते. ते पेपर त्याला द्यायलाच लावा. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज भरताना संस्थेत एकदा विचारून घ्या. आणि शिकाऊ उमेदवारीसाठी (अप्रेंटिसशिप) कारखाना निवडताना पैसे किती मिळतील त्याआधी तिथे मशीनवर हात लावू देतात का, हे तिथल्याच मागच्या वर्षीच्या एखाद्या पोराला विचारा.