अवघडल्यासारखे वाटणे हा होमोफोबिया आहे का?

दोन पुरुष हातात हात घालून चाललेले दिसले की आपल्याला अवघडल्यासारखे होते आणि समलैंगिक विवाहाच्या कायद्याबद्दलही आपल्या मनात शंका आहेत. एवढ्यावरून कोणी आपल्याला होमोफोबिक, म्हणजे समलैंगिकांविषयी द्वेष किंवा पूर्वग्रह बाळगणारे, म्हणावे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, एवढ्यावरून म्हणू नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा विषय कधी निघालाच नाही, त्यामुळे मन बिचकणे साहजिक आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा या विषयात आपणही अनभिज्ञ आहोत हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले, मानसशास्त्रज्ञांकडून तो समजून घेतला आणि जून २०२१ मध्ये अशा जोडप्यांना पोलिसांच्या त्रासापासून संरक्षण देणारा सविस्तर आदेश दिला.

विवाहाचे म्हणाल, तर विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि त्यासाठी कायदा करणे हे संसदेचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच १७ ऑक्टोबर २०२३ रोजी म्हटले आहे. मला तो निकाल पटलेला नाही, पण जो तो मान्य करतो त्याला मी द्वेष्टा म्हणणार नाही. मात्र ‘ही माणसे संसार करण्याच्या लायकीचीच नाहीत’ असे मनात धरून जो कायद्याची भाषा बोलतो, त्याचा विरोध कायद्याला नसून माणसांना असतो.

माझी कसोटी अशी की, तीच गोष्ट स्त्री-पुरुषांच्या बाबतीत घडली असती तर आपण तसेच वागलो असतो का? अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. रामचंद्र सिरस यांचे उदाहरण मराठी वाचकांनी तरी विसरू नये. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण त्यांनी चित्रित केले. परवानगीवाचून घरात शिरणारे ते लोक, पण दुसऱ्या दिवशी गैरवर्तनाचा ठपका ठेवून निलंबित झाले सिरस. निवृत्तीला काही महिने उरलेले असताना त्यांच्यावर राहते घर सोडण्याची वेळ आली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर आठवडाभरातच ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. ‘आम्ही फक्त विद्यापीठाची अब्रू जपत होतो’ असे यावर कोणी म्हणेल, तर ते मी मान्य करणार नाही, कारण आपल्या घरात पत्नीसोबत असलेल्या प्राध्यापकाचे असे चित्रण झाले असते, तर त्याच्यावर ठपका ठेवण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

समलैंगिक सहकाऱ्याच्या कामातली चूक दाखवणे किंवा त्याच्याकडून आलेली प्रेमाची मागणी सभ्यपणे नाकारणे यात काहीही गैर नाही, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत अवघड जागा घरातली आहे. ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ असे म्हणणाऱ्या आईवडिलांच्या मनात द्वेष नसतो, माया असते, आणि तरीही मी त्याला होमोफोबियाच म्हणतो. समलैंगिकता बदलण्याचे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. आपल्याकडे तेच काम मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाने उरकले जाते, आणि जिला समोर बसवून पोह्यांची बशी पुढे करायला लावतात, तिला यातले काहीही सांगितलेले नसते.