कोडे सुटते, डाव मात्र हातचा जातो

प्रश्न : मी सेलू (जि. परभणी) येथे राहतो. बुद्धिबळ वडिलांकडून देशी पद्धतीने शिकलो. निवृत्तीनंतर आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू लागलो. मोबाइलवर रोज बुद्धिबळाची कोडी (दिलेल्या स्थितीत जिंकून देणारी चाल शोधणे) सोडवतो आणि दोन-तीन चालींची कोडी बहुतेक सुटतात. तरीही परभणी-नांदेडकडच्या स्पर्धांत शाळकरी मुले मला हरवतात, कारण त्यांची साधी धमकीही माझ्या नजरेतून सुटते. कोडी आणखी वाढवावीत का?

उत्तर : कोड्यांची संख्या वाढवून हा दोष जाणार नाही, असे आमचे मत आहे. कोडे समोर येते तेव्हा येथे काहीतरी दडलेले आहे आणि ते आपल्याच फायद्याचे आहे, ही अर्धी बातमी आपल्याला फुकट मिळालेली असते. प्रत्यक्ष डावात ती कोणी देत नाही, आणि पुष्कळदा जे दडलेले असते ते समोरच्याच्या फायद्याचे असते.

एक जुना सापळा पटावर मांडून पाहावा (ई४ म्हणजे ‘ई’ या उभ्या पट्टीतले पांढऱ्याच्या बाजूने चौथे घर). पांढऱ्याचे प्यादे ई४, काळ्याचे ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, आणि आता काळा घोडा डी४ वर येतो. ई५ चे प्यादे बिनजोर, म्हणजे दुसऱ्या मोहऱ्याचा आधार नसलेले, दिसते, म्हणून पांढरा ते घोड्याने मारतो. काळा वजीर जी५ वर येऊन तो घोडा आणि जी२ चे प्यादे एकदम माऱ्यात घेतो. कोड्यांवर तयार झालेली नजर येथे हमखास एफ७ कडे वळते, कारण तेथले प्यादे घोड्याने मारले की वजीर आणि हत्ती दोघांवर मारा होतो. हा दुहेरी मारा खराच आहे. पण काळा वजीर जी२ चे प्यादे मारतो, पांढरा हत्ती एफ१ वर सरकतो, वजीर ई४ चे प्यादे मारून शह देतो, उंट ई२ वर आडवा येतो आणि काळा घोडा एफ३ वर मात करतो. ई२ चा उंट वजिरामुळे जखडलेला असल्याने त्या घोड्याला मारू शकत नाही. चौथ्या चालीला डी४ चा घोडा घोड्याने मारला असता, तर यातले काहीच घडले नसते.

म्हणून समोरच्याची चाल झाली की आपण आपली पाळी सोडून दिली आहे असे क्षणभर धरावे आणि त्याला लागोपाठ दुसरी चाल मिळाली तर तो काय करील, हे पाहावे : आधी शह, मग मारामारी, मग बिनजोर मोहऱ्यांवरचे हल्ले. आपली चाल ठरल्यावर, मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी, हीच पाहणी पुन्हा करावी. (चाल आधी कागदावर लिहून मग खेळण्याचा जुना सल्ला आता चालत नाही, फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत त्याला मनाई आहे.) २००६ मध्ये बॉन येथे जगज्जेत्या व्लादिमिर क्रामनिकलाही डीप फ्रिट्झ या संगणक-प्रणालीविरुद्ध एका चालीतली मात दिसली नव्हती, तेव्हा शाळकरी मुलांकडून हरल्याचा संकोच आपण बाळगू नये.

सरावातही थोडा बदल करावा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कोडे समोरच्याच्या चुकीच्या चालीने सुरू होते आणि आपण ती चाल न पाहताच उत्तराकडे धावतो. कोडे सुटल्यावर तिकडे परत जावे, पट फिरवावा आणि त्या जागी आपण असतो तर कोणत्या चालीने वाचलो असतो, हे शोधावे. अशी थोडी कोडी पुरे होतात. पाच मिनिटांचे डाव मात्र काही महिने बंद ठेवावेत, कारण त्यांत ही पाहणी करायला सवडच मिळत नाही.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीलाही हे जमेल का? (एक पालक, अंबाजोगाई)

उत्तर : जमेल, परंतु एवढ्या क्रमाने नको. प्रत्येक चालीनंतर दोन्ही बाजूंची बिनजोर मोहरी तिला बोटाने दाखवायला सांगावी आणि एका चालीतल्या मातेची कोडी द्यावीत. घड्याळ सध्या कपाटातच ठेवावे.