डॅशबोर्डची घाई नको, आधी पत्ता बघ

पुण्यात आरोग्य खात्याच्या आकडेवारीच्या कामावर रुजू झालास की कुणीतरी सांगेलच, ‘सगळ्या पोर्टलांचा मिळून एक डॅशबोर्ड करून दे.’ लगेच हो म्हणू नकोस. एचएमआयएस या आरोग्यसेवांच्या पोर्टलवर प्रत्येक आरोग्य संस्थेची महिन्याची बेरीज जाते, निक्षय या क्षयरोगाच्या पोर्टलवर रुग्णाची नावानिशी नोंद. आकडे जुळले नाहीत म्हणून कुणी कामचुकार ठरत नाही. मोजायची रीतच वेगळी आहे.

पुण्यातली खरी मेख पत्त्यात आहे. महापालिका, पिंपरी-चिंचवड, कॅन्टोन्मेंट, जिल्हा परिषद, सगळ्यांच्या हद्दी एकमेकींना खेटून. २०२१ मध्ये नांदेड, खडकवासल्यासह २३ गावं महापालिकेत आली. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले ते याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात. अशा वेळी माणूस राहतो नांदेडला, दाखल होतो डेक्कनच्या रुग्णालयात, नमुना जातो एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत. तिन्ही नोंदी एकाच रुग्णाच्या आहेत, हे तुझ्या यादीत दिसायला हवं. त्यामुळे राहण्याचं ठिकाण आणि रुग्णालय यांचे रकाने वेगळे ठेव. गावाचं नाव हाताने टाइप करू देऊ नकोस, एलजीडी कोडची, म्हणजे सरकारने गावागावाला दिलेल्या क्रमांकांची यादी दे. (नुसतं ‘नांदेड’ लिहिलं की मराठवाड्यातला जिल्हा डोळ्यांसमोर येतो!)

आयएचआयपी या साथरोगांच्या नोंदींच्या पोर्टलवर एस फॉर्म आरोग्य कर्मचारी भरतात, पी डॉक्टर, एल प्रयोगशाळा. तिघांकडेही एकेक दिवस बसून ये. सिस्टर तीच माहिती रजिस्टरात किती वेळा उतरवतात ते पाहा आणि पहिला प्रस्ताव एखादा रकाना कमी करण्याचा पाठव. साहेबांना तो किरकोळ वाटेल, पण सिस्टर पुढच्या वेळी तुझा फोन उचलतील.