पाण्याखालच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी स्वस्तातला लाईट: टॉर्च घ्यावा की स्ट्रोब?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑलिंपस टीजी-६ हा छोटा कॅमेरा आहे, हाउसिंग (कॅमेऱ्याभोवती बसणारा जलरोधक डबा) अजून घेतलेलं नाही, तारकर्ली-मालवणला डाइव्ह करता, पुढे अंदमानचा बेत आहे, फोटो हिरवे-निळे येतात आणि लाईटसाठी पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही.

आधी एक अपेक्षा सोडून द्या. एवढ्या पैशात येणारा कुठलाही लाईट चार-पाच मीटरवरचा खडक किंवा माशांचा थवा उजळवणार नाही. स्वस्त लाईटचा पल्ला हातभर. त्यामुळे खरेदी करायची ती हातभर अंतरातल्या जिवांसाठी: न्यूडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय), खेकडे, कोळंबी, बिळातून डोकावणारा ब्लेनी हा छोटा मासा. लांबचं दृश्य टिपताना लाईट बंद, सूर्य पाठीशी आणि कॅमेऱ्यातला पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल सुधारणारी सोय) चालू. टीजी-६ मध्ये उथळ, मध्यम आणि खोल असे त्याचे तीन पर्याय आहेत, खोलीप्रमाणे बदला.

असं का, ते हिशोबातून दिसतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाच मीटरवर लाल बराचसा गेलेला असतो. तुमचा लाईट तो परत आणतो, पण त्यालाही जाऊन-येऊन पाणी कापायचं असतं. २००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे लाईटमधून निघणारा एकूण प्रकाश), हवेत १२० अंशांचा झोत असलेला लाईट घ्या. सपाट काचेतून पाण्यात शिरताना तो कोन ८० अंशांच्या आसपास येतो. अर्ध्या मीटरवर साधारण ५००० लक्स (समोरच्या वस्तूवर पडणारा प्रकाश) पडतात, एका मीटरवर त्याचे जेमतेम पाव, आणि त्यातूनही पाण्याची कपात. जमिनीवरचं भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं. स्वच्छ पाण्यात दहा मीटरवर त्यातलं जे उरतं, तेही अशा लाईटला सहज मागे टाकतं.

आता सतत पेटणारा टॉर्च की क्षणभर चमकणारा बाहेरचा फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब? फक्त फोटो काढायचे असतील तर माझं मत स्ट्रोबकडे. त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून आखूड असतो, त्यामुळे लाटेने कॅमेरा आणि प्राणी दोन्ही हलले तरी चित्र गोठतं. टीजी-६ मध्ये शटर हाताने लावायची सोय नाही, म्हणून हा फायदा मोठा. पण या कॅमेऱ्याला हॉट-शू (बाहेरचा फ्लॅश बसवायची खाच) नाही. स्ट्रोब पेटतो तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा प्रकाश फायबर केबलने पोचवून, आणि उघड्या कॅमेऱ्यावर ती केबल अडकवायला जागाच नाही. म्हणजे आधी हाउसिंग. नुसता कॅमेरा १५ मीटरपर्यंतच चालतो आणि ओपन वॉटर या डाइव्हिंगच्या सुरुवातीच्या सर्टिफिकेटची मर्यादा १८ मीटर आहे, तेव्हा अंदमानसाठी ४५ मीटरचं पीटी-०५९ हाउसिंग तसंही लागणार. तोपर्यंत व्हिडिओ लाईट, म्हणजे रुंद झोताचा टॉर्च, बरा: त्याला कॅमेऱ्याशी जोडणीच लागत नाही, व्हिडिओला चालतो आणि काय उजळतंय ते डोळ्यांना दिसतं.

स्ट्रोब घ्यायची वेळ आली की सी अँड सी वायएस-०३ किंवा इनॉन एस-२००० वापरलेला शोधा. दोघांचाही गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) २०, दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात. वायएस-०३ वर पॉवर हाताने कमी-जास्त करता येत नाही, एस-२००० वर येते. विकणाऱ्याकडून सेलचं झाकण उघडून दाखवून घ्या. कडेला हिरवट-पांढरी पूड असेल तर पाणी शिरलेलं आहे, सोडून द्या. सेल रिचार्जेबल एनआयएमएच टाका, अल्कलाईनपेक्षा फ्लॅश लवकर भरतो. अगदी स्वस्त, नाव नसलेल्या स्लेव्ह फ्लॅशपासून (दुसरा फ्लॅश चमकला की पेटणाऱ्या) लांब राहा. कॅमेरा मुख्य फ्लॅशच्या आधी एक बारीक प्री-फ्लॅश सोडतो. हे फ्लॅश त्यावरच उडून मोकळे होतात आणि फोटो काळा येतो.

व्हिडिओ लाईट घेताना डब्यावरच्या ल्युमेनवर भरवसा ठेवू नका, सेल बघा. एका चांगल्या १८६५० (या लाईटमधल्या लिथियम सेलचा आकार) सेलमध्ये ३.७ व्होल्ट आणि ३४०० एमएएच, म्हणजे साडेबारा वॉट-तास. एलईडी एका वॉटला शंभरेक ल्युमेन देतो असं धरलं तर २००० ल्युमेनला वीस वॉट लागतात; सेल ३५-४० मिनिटं टिकेल. एकाच सेलवर ‘१०,००० ल्युमेन’ म्हणजे शंभर वॉट, सत्तावीस अँपिअर. शुद्ध थाप. ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० तर अस्तित्वातच नाही. काट्यावर टाका: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली पुष्कळ हलका. कोन किमान १०० अंशांचा हवा. दहा-पंधरा अंशांच्या शोधटॉर्चने फोटोच्या मध्यभागी पांढरा गोळा आणि भोवती अंधार येतो. हातात तसलीच टॉर्च असेल तर श्रीखंडाच्या डब्याचं दुधी झाकण गोल कापून काचेवर रबरबँडने बसवा. प्रकाश बराच कमी होतो, पण सारखा पसरतो. टॉर्च पाण्यात गेल्यावरच लावा; हवेत झाकण वितळेल आणि एलईडीही तापेल.

खरं काम पुढे आहे, आणि बहुतेक जण पैसे लाईटवर संपवून इथे हात आखडता घेतात. कॅमेऱ्याखाली बसणारा ट्रे, एक हँडल, लाईट धरणारे पाच ते आठ इंचांचे दोन आर्म, ते जोडणारे एक इंची बॉल आणि क्लॅम्प घ्याच. मालवणच्या पाण्यात गाळ असतो. लाईट लेन्सला चिकटून ठेवला की लेन्स आणि प्राणी यांच्यामधला प्रत्येक कण पेटतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. लाईट बाजूला, किंचित वर आणि कॅमेऱ्याच्या थोडा मागे न्या. मग तो थोडा बाहेरच्या बाजूला वळवा, इतका की झोताची फक्त कड प्राण्यावर पडेल. मधलं पाणी अंधारात राहिलं पाहिजे. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश व्हिडिओ लाईट वापरताना बंद, आणि फायबर वापरताना त्यावर केबलभोवती काळी टेप, म्हणजे त्याचा प्रकाश बाहेर सांडणार नाही.

टीजी-६ चा मायक्रोस्कोप मोड एक सेंटिमीटरवर फोकस करतो म्हणून तितकं जवळ जायचा मोह होतो. जाऊ नका. तिथे लेन्सची स्वतःचीच सावली प्राण्यावर पडते आणि प्रकाशाला शिरायला फट राहत नाही. पाच ते आठ सेंटिमीटरवर थांबा आणि झूम करा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ते २००, कच्ची (रॉ) फाइल चालू ठेवा.

लाईट लावला की व्हाइट बॅलन्स पाण्याखालच्या पर्यायावरून काढून ऑटोवर आणा. लाल फिल्टर असेल तर तोही काढा. फिल्टर आणि लाईट एकत्र आले की समोरची शिंपलीसुद्धा टोमॅटोसारखी दिसते.

अंदमानच्या विमानात सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच, प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत. लाईटमधला सेलही काढून ठेवा, बटण चुकून दाबलं गेलं तर लाईट बॅगेत तापतो. ओ-रिंगला (झाकण घट्ट बसवणारी रबरी कडी) तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं. ते फक्त रिंग मऊ ठेवतं, गळती थांबवत नाही, उलट जास्त लावलं तर वाळू आणि केस चिकटतात. नवं हाउसिंग आधी कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू ठेवून पाण्यात न्या. टिश्यू कोरडा वर आला तरच दुसऱ्या फेरीला कॅमेरा आत. डाइव्हनंतर सगळं तासभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि क्लॅम्पचे स्क्रू सैल करून धुवा, नाहीतर ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू असा धरतो की पुढच्या खेपेला पान्ह्यानेही हलत नाही.