१० बाय १२ च्या खोलीसाठी कमी बजेटमध्ये कोणता होम थिएटर रिसीव्हर घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात राजारामपुरीत १० बाय १२ ची हॉलवजा खोली, ४३ इंची टीव्ही, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि स्पीकर मिळून ६० हजारांचं बजेट. दुकानदार ७.२ चॅनेलचा, अ‍ॅटमॉसवाला (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत), "जास्त वॅटचा" रिसीव्हर घ्या म्हणतोय. घ्यावा का?

माझ्या मते नको. या खोलीला साधा ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खालच्या, बेसच्या आवाजाचा स्पीकर) यांचा रिसीव्हर पुरून उरतो. त्यात वाचलेले पैसे मधल्या स्पीकरला आणि सबवूफरला घाला. रिसीव्हरवर अर्ध्यापेक्षा कमीच खर्च करा.

आधी वॅटचं बघू, कारण सगळी विक्री याच आकड्यावर चालते. साध्या बुकशेल्फ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. तुम्ही अडीच मीटरवर बसणार. भिंतींवरून परतणारा आवाज धरलाच नाही, तरी तिथं ७८ डेसिबल पोचतो. घरात आपण सिनेमा बघतो तो साधारण ६५ ते ७५ डेसिबलला, म्हणजे बहुतेक वेळ रिसीव्हर एक वॅटसुद्धा खर्च करत नाही. ढोल-ताशे, स्फोट अशा जागी क्षणभर काही डझन वॅट लागतात, तेवढंच. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. ७० वॅट आणि १०० वॅट यांत दीड डेसिबलचा फरक आहे, आणि तो सिनेमा बघताना कळतही नाही.

खोक्यावरचा आकडा कसा मोजलाय तेही वाचा. सोनी एसटीआर-डीएच५९० चंच उदाहरण घ्या. या एकाच मशीनला कंपनी १४५ वॅटही लिहिते आणि ९० वॅटही. पहिला आकडा ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर मोजलेला, दुसरा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल एकदम चालवून. तुलना करायची तर नेहमी दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांची करा. आणि ज्या खोक्यावर पीएमपीओमध्ये (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) हजारो वॅट छापलेत, ते खोकं उघडायलाही सांगू नका.

आता खरा महत्त्वाचा भाग, जोडणी. तुम्ही मुख्यतः टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमे बघणार असाल तर चित्र रिसीव्हरमधून जाण्याची गरजच नाही. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज उलटा पाठवायची सोय) लिहिलंय, त्यातून एक केबल रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटला लावायची, दोन्हीकडे सीईसी (जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू करायचं, की ५.१ आवाज उलटा रिसीव्हरकडे येतो. म्हणून एआरसी हवंच. ईएआरसी, म्हणजे त्याचीच सुधारित आवृत्ती, मिळालं तर उत्तम, पण त्याचा खरा उपयोग टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरचा दर्जा न घटवलेला आवाज पुढं नेण्यासाठी. ओटीटीचा डॉल्बी डिजिटल प्लस (५.१ आवाज दाबून पाठवायचा प्रकार) साध्या एआरसीतूनही जातो. ऑप्टिकल केबलमधून मात्र डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, टीव्हीला तो आधी साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलावा लागतो. आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" वर राहिलं तर सहसा दोनच चॅनेल येतात आणि माणूस उगाच रिसीव्हरला दोष देतो. ते "ऑटो" किंवा "पास-थ्रू" वर ठेवा.

याच कारणानं जुना, चांगल्या स्थितीतला सेकंडहँड रिसीव्हरही मी वर्ज्य मानत नाही. त्याला ४के चित्र पुढं पाठवता येत नसलं तरी बिघडत नाही, एआरसी असलं की झालं. मायक्रोफोन सोबत आहे का, तेवढं बघून घ्या.

तो मायक्रोफोन फार कामाचा असतो. यामाहाचं वायपीएओ, डेननकडचं ऑडिसी, सोनीचं डीसीएसी या सगळ्या पद्धती प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी मोजून रिसीव्हर तुमच्या खोलीला जुळवतात. माईक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवा, पंखा बंद करा, आणि हे पहाटे रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत उरका. नंतर मेनूत स्पीकर "स्मॉल" करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे वळतात ती सीमा) ८० हर्ट्झला लावा. चार इंची वूफरचे छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२० बरं. खालचा सगळा भार मग सबवूफरच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जातो आणि स्वस्त रिसीव्हरही मोकळा श्वास घेतो.

नावंच हवी असतील तर यामाहा आरएक्स-व्ही३८५ आणि वर म्हटलेला सोनी, दोन्ही २०१८ चे. दोन्हींत चार एचडीएमआय इन, एआरसी, ब्लूटूथ आणि माईक आहे, अ‍ॅटमॉस नाही. यातला जो वॉरंटीसकट चांगल्या भावात मिळेल तो घ्या. अ‍ॅटमॉससाठी छतात दोन स्पीकर लागतात, किंवा आवाज वर फेकणारे स्पीकर आणि सपाट स्लॅब. तुमच्या बजेटचे सात वाटे केले तर प्रत्येक स्पीकर हलकाच येईल.

मधल्या स्पीकरवर हात आखडता घेऊ नका. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर सध्या ३.१ च, म्हणजे पुढचे तीन स्पीकर आणि सबवूफर लावा, बाजूचे दोन स्पीकर पुढच्या वर्षी जोडले तरी चालतात. जोडाल तेव्हा ते बसण्याच्या जागेच्या किंचित मागं, कानाच्या फूट-दीड फूट वर. स्टँड बाजारात महाग पडतात, उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेले कमी पैशात होतात आणि भक्कमही असतात.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की आवाज वाढतो, पण घुमतोही. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतींत अडकून फुगतो. यावर एक खात्रीचा उपाय आहे: सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि खोलीत गुडघ्यांवर फिरून कुठं आवाज आवळ आणि स्वच्छ येतोय ते ऐका. ती त्याची जागा. शेजाऱ्यांची सामाईक भिंत मात्र टाळा. खाली शहाबादी फरशी आणि बोडक्या भिंती असतील तर जाड सतरंजी आणि पडदे लावा. घुमणारे संवाद कोणत्याच रिसीव्हरला दुरुस्त करता येत नाहीत.

वायर १६ गेजची शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्तात विकतात, ती नको. रिसीव्हर बंद शोकेसमध्ये कोंडू नका, वर चार बोटं तरी मोकळी हवा हवी. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की रिसीव्हरचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. स्पाइक गार्ड विजेच्या तडाख्याला पुरा पडत नाही.