घरखर्च वाचवायचा असेल तर मे महिन्यात बघा

तुम्ही लिहिलंय गोव्यात पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटात दोघंच राहता, दोघांना पगार आहे, तरी २० तारखेला खातं रिकामं, तर घरखर्च कमी करायचे सोपे मार्ग सांगा, हिशोबाला ॲप कुठलं ते सांगा, आणि वर म्हणताय की साठवण-बिठवण सांगू नका, ती आजीच्या काळातली.

ॲपचं सोडा. गेलेला पैसा मोबाईलवर लिहिला म्हणून परत येत नाही. आमच्याकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहितात, दूध, पदेराचे (पाववाल्याचे) पाव आणि सिलिंडर कधी लावला ती तारीख. ती तारीख मात्र लिहाच. १४.२ किलो गॅस किती दिवस पुरला ते डोळ्यासमोर दिसलं की आळसांदे (चवळी) रात्री भिजत घालायला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

आता साठवणीचं. हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी उत्तर द्यायला बसलेच नसते. माझा धाकटा दीर थिवीला असतो, तो गेली कितीतरी वर्षं मला हेच ऐकवतोय. मी दर मे महिन्यात डिचोलीहून बसने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाते आणि पावसाचं पुरूमेत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरते. सुकी सुंगटां (कोळंबी), गालमो (सुका जवळा), खारे बांगडे, सोलां (आमसुलं), वर्षाची मिरची. मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताच्या दिवसांत तर म्हापशाला पाय ठेवायला जागा नसते (ती ख्रिस्तावांची सायबीण खरी, पण आमच्या शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, म्हणजे आम्हाला परकी नव्हेच). तर दीर म्हणतो, "वैनी, आता सगळं बारा महिने मिळतं गो, पोती उचलून कंबर कशाला मोडून घेता?"

मिळतं, बरोबर. पण केवढ्याला? १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलरची मासेमारी बंद. त्या दिवसांत ताजी मासळी मिळते ती बाहेरून आलेली नाहीतर नदीतली, आणि कोळणीने भाव सांगितला की आपण नुसते पुढे चालू पडतो. त्या दोन महिन्यांत माझ्या घरात आठवड्यातून तीनदा किसमूर (सुक्या सुंगटांची खोबरं घालून कोशिंबीर) किंवा खाऱ्या मासळीचं काहीतरी होतं, मूठभर सुंगटां आणि अर्धा नारळ, चार माणसं जेवून उठतात.

दिराने यावर उपाय काय काढला, तर डीप फ्रीजर! ३१ मे च्या आत विसवण (सुरमई), पापलेट आणून भरून ठेवली, मला मुद्दाम झाकण उघडून दाखवली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वादळ झालं, झाड तारेवर पडलं, दोन रात्री आणि एक दिवस लाईट नाही. झाकण उघडू नका म्हणून मी फोनवर सांगत होते पण पोरं बघायला सारखी उघडत होती. शेवटी माडाच्या मुळात खड्डा काढून पुरली सगळी. त्या वर्षी त्याच्या माडाला बरे नारळ लागले असतील. फ्रीजरचं बिल अजून येतंच आहे, कारण आता त्यात पाण्याच्या बाटल्या आणि आईस्क्रीम असतं.

मी हसले का? हसले. पण पूर्ण खरं सांगायचं तर त्याच वर्षी माझाही डबा गेला. सुंगटां बाजारात मापाने घेतो तेव्हा वरून कडक लागतात, पण बोटाने मोडून बघायची, कटकन मोडली पाहिजेत, वाकली तर आत ओल आहे. घरी आणून दोन दिवस चटईवर कडक ऊन द्यायचं, डोकी-शेपट्या काढायच्या, मग डबा. मी लग्नाला जायचं म्हणून एकाच दिवसाचं ऊन दिलं. आषाढात डबा उघडला तर पांढरी बुरशी आणि असा वास की मांजर पण फिरकलं नाही. हे दिराला आजपर्यंत सांगितलेलं नाही, तो हे वाचत नसावा. तरी पैशाचा हिशोब माझ्याच बाजूने आहे, माझा एक डबा गेला, त्याचा अख्खा फ्रीजर.

बाकी तुम्हाला ठाऊकच असणार. भाजी सरकारी हॉर्टिकल्चर महामंडळाच्या गाड्यावर घ्या, सबसिडीची असते, सकाळी जा, संध्याकाळी उरलेलंच मिळतं. मॉलात ट्रॉली घेऊ नका, हातात पिशवी धरा, जड झाली की आपोआप थांबता. पंखे बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे १६ युनिटं वाचतात, आणि आपल्याकडे पंखा बंद कधी असतो सांगा. एसी २४ वर ठेवा, १८ वर ठेवून गोधडी घेऊन झोपणारी माणसं मला कळलेली नाहीत (हो, परत दीर).

एक राहिलं. खाऱ्याचा वास फ्लॅटात शेजाऱ्यांना चालेल का ते आधी बघा, आणि ब्लडप्रेशर असेल तर खारं बेतानेच. शिवाय तुमच्या गॅलरीला ऊन येतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर सुंगटां साठवू नका, लागतील तशी थोडी थोडी आणा, आणि आधी पंखे बदला. भाड्याचं घर म्हणून मागे-पुढे बघू नका, जुने माळ्यावर ठेवायचे आणि जाताना आपले काढून न्यायचे.